घमेल्यातला पूल

चुना विझतानाचा वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो जन्मभर पुरतो. भट्टीतून काढलेल्या पांढऱ्या खड्यांवर पाणी पडते. खडे क्षणभर गप्प राहतात आणि मग दाबलेले हसू फुटावे तसे आतून तडकू लागतात. वाफ उठते. तिला तापल्या दगडाचा, ओल्या राखेचा आणि किंचित कोऱ्या मडक्याचा गंध असतो. तो नाकाआधी घशाला कळतो. चौसाळ्याला सून म्हणून आले तेव्हा माप ओलांडताना मला सामोरा आला तो हाच वास. घराच्या पाठीमागे चुन्याची घाणी होती. बैल गोल फिरे, दगडी चाक चरातून गुरगुरत जाई आणि चुन्यावाळूचे लोणी होई. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी त्या लोण्यात बारवा, मोऱ्या, देवळांचे ओटे बांधले होते.

माझे पती निजाम सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकामावर, ओव्हरसियर होते. खात्याची सनद त्यांनी घाम गाळून मिळवली होती आणि गावाबाहेरच्या ओढ्यावर त्यांचा पहिला मोठा पूल उभा राहत होता. पायाचा प्रत्येक दगड त्यांनी स्वतः टिचकी मारून, कान लावून निवडला होता. खांब वर आले होते; कमानी व्हायच्या होत्या.

त्या काळी नवराबायकोने एकमेकांचे नाव घेण्याची रीत नव्हती. मला हाक मारायला त्यांच्यापाशी शब्दच नव्हता. ते उंबऱ्याशी येऊन खाकरत. हळूहळू त्या खाकरण्याचे सूर मला कळू लागले: तहानेचा कोरडा, भुकेचा लांब, रागाचा अर्ध्यावर तुटलेला. माहेरी वडिलांच्या दिवाणखान्यात एकाच पानदानाभोवती मराठी आर्या आणि उर्दू शेर ऐकत मी वाढले होते. आणि आता मला ओळखणारा एकमेव स्वर म्हणजे ते खाकरणे.

मग सिमिट, म्हणजे सिमेंट, आले. बैलगाड्यांतून, लाकडी पिंपांत. झाकण उघडले तेव्हा मी पदर सावरून वाकून वास घेतला. सिमिटाला स्वतःचा वासच नव्हता. होता तो पिंपाच्या ओल्या फळ्यांचा, आणि मी कधी न पाहिलेल्या समुद्राचा असावा असा एक खारट पुसटसा. पाठोपाठ वरून हुकूम आला की जुन्या सनदा आता पुरेशा नाहीत. चुन्यावर हात बसलेल्या प्रत्येकाने सिमिटाची नवी परीक्षा द्यावी. न उतरणाऱ्याची सनद जमा होईल आणि त्याचे काम दुसऱ्याच्या हाती जाईल. म्हणजे पूल जाईल.

परीक्षा बीडला, खात्याच्या आवारात होती. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला सिमिट आणि वाळू मोजून मिळाली. सकाळी साहेबांसमोर एक लहानसा ओटा घालायचा होता. माझ्या पतींनी तेच केले, जे त्यांच्या घराण्यात पिढ्यानुपिढ्या केले गेले. संध्याकाळीच सगळे कालवले, घमेल्यात भरले, वर ओले फडके घातले आणि निश्चिंत झोपले. चुना रात्रभर मुरला की सकाळी लोण्यासारखा हाताशी येतो. सकाळी त्यांनी फडके काढून थापी मारली, तर घमेले देवळातल्या घंटेसारखे वाजले. सिमिटाचा रातोरात दगड झाला होता.

त्यांच्याबरोबर गेलेले म्हातारे गवंडी मिस्त्री, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, जिभेचे तिखट. गावात शिरता शिरताच त्यांनी पारावरच्या मंडळींना सांगून टाकले, "लोक वढ्यावर पूल बांधत्यात बे, आमच्या ओव्हरसियरनं घमेल्यातच बांधला!"

ते घमेले पतींनी घरी आणले होते. आतला गोळा कशानेच निघेना. सासूबाईंनी ते उचलून मागच्या दारी पालथे घातले. थंडीच्या दिवसांत दुसरी परीक्षा व्हायची होती, आणि ती शेवटची होती.

खात्याने सिमिटावरचे एक पुस्तक सर्वांना दिले होते, उर्दूतले. माझे पती दखनी फर्डी बोलत, पण वाचत ते मोडी. खात्याचे कागद मुनशी वाचून दाखवी. मुनशीपुढे पुन्हा हसे करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. पुस्तक भिंतीतल्या देवळीत कापडात गुंडाळून राहिले. एका दुपारी झाडताना मी ते उघडले आणि सवयीने पहिली ओळ मोठ्याने वाचली. उंबऱ्याशी सावली पडली. खाकरणे मात्र ऐकू आले नाही.

"वाचाया येतं?" त्यांनी भिंतीला विचारले.

"येतं."

"समजतं?"

"शब्द समजतात. सिमिट समजत नाही."

ते हसले. घमेले घरी आल्यापासून पहिल्यांदा. "सिमिट माझं मी बगतो," ते म्हणाले. "तू शब्द सांग."

अशी आमची शाळा सुरू झाली. मी ज्वारी पाखडत वाचायची आणि अर्थ सांगायची. ते खांबाला टेकून, माझ्याकडे पाठ करून ऐकायचे. सासूबाई सुपातल्या दाण्यांपेक्षा आम्हालाच अधिक निवडत.

"चूल इझली तरी चालंल," त्या म्हणाल्या, "पर पुस्तक इझाया नगं, काय गं?"

"आत्याबाई, सनद गेली तर पूल जाईल."

"आन् पोरगा बायकोच्या म्होरं बसून शिकला, हे गावाला कळलं तर काय काय जाईल?"

मी पुढचे पान उलटले.

खरी अडचण निराळीच होती. त्यांना सगळे पटत होते, पण हात ऐकत नव्हते. परसात सराव करताना पाणी घातले की त्यांचे हात सैल पडत, डोळे घाणीकडे जात, जणू बैल येऊन फिरायचाच आहे. पिढ्यांची सबुरी त्यांच्या मनगटात मुरली होती, आणि सिमिटाला सबुरी चालत नव्हती. गद्य कानापर्यंत पोचते. मनगटात उतरायला लय लागते. हे मला कळले ते पहाटेच्या जात्यावर, सासूबाई समोर बसून ओवी गात असताना. त्यांची ओवी संपली आणि मी माझी धरली:

चुन्याला सवड द्यावी, मुरू द्यावा रातभर
सिमिट उतावीळ बाई, पाणी पडता हात धर

खुंट्यावरचा सासूबाईंचा हात थबकला नाही, पण भुवया वर गेल्या. मी दुसरी म्हटली:

घट्ट झालं तरी त्याची, तहान भागली नाही
ओलं गोणपाट घाल, सोडू नको त्याला बाई

"ह्यात देवाचं नाव कुठं हाय?" त्यांनी विचारले.

"गोणपाटाखाली, आत्याबाई."

त्यांनी खुंटा जोराने ओढला. दुसऱ्या पहाटे मात्र जात्यात पहिली मूठ घालता घालता म्हणाल्या, "गोणपाट 'घाल' कावून म्हनतीस? 'पांघर' म्हन. तान्ह्याला पांघरत्यात." आणि स्वतःच गायला लागल्या. पलीकडच्या खोलीत पती जागे होते, हे मला त्यांच्या श्वासाच्या बदललेल्या चालीवरून कळले.

शेजारणी दळायला येत, त्या ओव्या घेऊन जात. थंडी पडेपर्यंत आमच्या आळीतल्या जात्यांवर ज्वारीबरोबर सिमिटही दळले जाऊ लागले. परसात माझे पती पाणी ओतत, ओठांतल्या ओठांत ओवी धरत, आणि तिचा दुसरा चरण संपायच्या आत थापी चाललेली असे. घातलेल्या ओट्यावर मी गोणपाट पांघरी आणि तळवा टेकवी. आतून ऊब येई, ताप उतरत आलेल्या लेकराच्या कपाळासारखी.

दुसऱ्या परीक्षेहून आधी परतले ते मिस्त्री. पती वाटेत पुलावर थांबले होते. म्हातारा धापा टाकत ओसरीवर टेकला; मी दाराआडून पाण्याचा तांब्या सरकवला. त्याच्या चेहऱ्यावर काय वाचावे ते मला कळेना. सासूबाई ओरडल्या, "बोल की! पूल ऱ्हायला का गेला?"

"दम धरा, वैनी. पानी तर पिऊ द्या." त्याने सावकाश तांब्या रिकामा केला. "कालवाय घेतलं, पानी वतलं, आन् सायब म्हन्तोय, थांबो! पहले सवालोंका जवाब दो. सगळे थांबले. हात बांधून हुबे. आपला गडी थांबलाच न्हाई. थापी हाणतोय, तोंडानं उर्दूत जवाब देतोय. मी म्हन्लं, गेलं! सायबाचा हुकूम मोडला, आता सनद बी गेली आन् मान बी गेली. सायब जवळ आला. 'सुना नहीं?' तर ह्यो म्हन्तो, 'सुना, हुजूर. मैं रुक सकता हूँ, ये नहीं रुकता.'"

"मग?"

"मग काय! सायब जोरात हसला. त्येला त्येच बगायचं हुतं. सवाल संपस्तवर बाकीच्यांची घमेली वाजाया लागली, वैनी, देवळात आरती चालल्यावानी! आन् आपला वटा असा, पान खाऊन त्येच्यात तोंड बगावं. पूल आपलाच ऱ्हायला!"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मिस्त्रींचे अजून संपले नव्हते. आवाज उतरवून, दाराच्या रोखाने, ते म्हणाले, "सूनबाई, सायबानं इचारलं, किसके शागीर्द हो? उस्तादाचं नाव सांगा. सगळ्यांनी आपल्या आपल्या उस्तादाचं नाव सांगितलं. ह्यो गप. दोनदा इचारलं, तरी गप. मग म्हन्ला, 'नाव न्हाई घेता येत, हुजूर. आमच्यात रीत न्हाई.' मराठी कारकुनाला कळलं, त्येनं सायबाच्या कानात सांगितलं. सायब उठून हुबा ऱ्हायला, सूनबाई. उठून! आन् माजी ही जीभ… घमेल्यातला पूल म्हन्ली हुती. तुटून पडाया पायजे."

"तुटू दिऊ नगं," सासूबाई म्हणाल्या, "आता हेच आख्ख्या गावाला सांगाया लागंल."

त्या उठल्या, नारळ घेतला आणि तरातरा मागच्या दारी गेल्या; मागोमाग आम्ही. पालथे घमेले त्यांनी उताणे केले आणि आतल्या त्या हट्टी गोळ्यावर नारळ फोडला. गोळ्याचा टवकाही उडाला नाही. नारळाचे पाणी त्याच्या राखाडी पाठीवरून ओघळले आणि पिंप उघडले तेव्हाचा तो अस्फुट, खारट वास पुन्हा एकदा आला. नव्या कोऱ्या विजयाला वास असतो, हे मला त्या दिवशी कळले.

इतक्यात ओसरीवर वहाणा वाजल्या. सासूबाई, मिस्त्री, दळण न्यायला आलेल्या दोघी शेजारणी, सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी सवयीने कान टवकारले, खाकरण्याच्या कोणत्या सुरात आज ते येतील ते ओळखायला. ते खाकरले नाहीत. सगळ्यांच्या देखत, भिंतीकडे न बघता, माझ्याकडे बघून त्यांनी मला हाक मारली:

"उस्ताद."