राखणदाराची शीम वर कुठे संपते?

आधीच सांगते, मी भित्री आहे, पण माणसांना भिते. चार माणसांत बोलायचं झालं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. भूत, देवचार, चकवा यांची भीती मला कधीच वाटली नाही, कारण मी त्या गोष्टी कधी मानल्याच नाहीत. लग्न होऊन या गावात आल्यापासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, काजूला जाते. तिन्हीसांजेला डोक्यावर पाटी घेऊन एकटी उतरले आहे. कोल्हा दिसला, साप दिसला, बाकी काही दिसलं नाही. देवाला हात जोडते, गावाच्या राखणदारालाही जोडते. पण तो हातात काठी घेऊन शिमेवरून, म्हणजे गावाच्या हद्दीवरून, फिरतो, त्याला दिलेल्या वहाणा झिजतात, या गोष्टी मी मुलांना झोपवायच्या गोष्टी समजत होते.

सुनेच्या फोनवर एक ग्रुप आहे. तिथे लोक असले अनुभव लिहितात. ती मला वाचून दाखवते. आमचा अनुभवही लिहावा असं वाटलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चूकभूल समजून घ्या. पाठवीन की नाही ते अजून ठरवलेलं नाही...

आमचं गाव पेडणे तालुक्यात, मोप्याच्या सड्याच्या पायथ्याला. आता सड्यावर विमानतळ झाला. अंगणात भात वाळत घातलं की डोक्यावरून विमान जातं. माझी मुलगी — तिला घरात बायच म्हणतात — त्याच विमानाने बंगळूरहून येते. ती तिथे अवकाशात सोडायच्या यंत्रांचं काम करते. शास्त्रज्ञ आहे. हा शब्द लिहितानासुद्धा माझा ऊर भरून येतो. गावच्या मराठी शाळेत शिकलेली, हे गेल्यावर मी काजू आणि कोकमाची सोलं विकून वाढवलेली मुलगी. आणि ती गोष्टीही लिहिते. दुसऱ्या ग्रहांवरच्या, पुढच्या काळातल्या. दिवाळी अंकात तिचं नाव छापून येतं. गोष्ट झाली की आधी मला फोनवर वाचून दाखवते. मी जिथे अडते, तिथला शब्द ती बदलते. मी म्हणते, "अगो, शिकलेल्या माणसांसाठी लिही." ती म्हणते, "तुला कळलं की सगळ्यांना कळतं, आई." तिच्या प्रत्येक गोष्टीची पहिली वाचक मी, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या वैशाखात ती अचानक घरी आली. न कळवता. दारात बॅग ठेवली आणि न्हाणीत जाऊन किती तरी वेळ पाणी ओतत बसली. पोदेर, म्हणजे पाववाला, आला, मी गरम उंडे घेतले, सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर केली — तिच्या आवडीची. तिने एक उंडा कुस्करला आणि ताट सरकवलं.

हळूहळू बोलली. समुद्रावरचा वारा मोजणारं एक यंत्र त्यांनी वर सोडलं होतं. आमच्या फ्रीजएवढं. ते पृथ्वीभोवती फिरतं, पण आता गप्प झालं होतं. गडगडत चाललं होतं, कोलांट्या खात. त्याचं तोंड सूर्याकडे राहिलं नाही तर वीज तयार होत नाही, आणि वीज नाही तर ते बोलत नाही. आणि ते तोंड सूर्याकडे ठेवायचा जो भाग, तो तिचा होता. तिने कित्येक वर्षं घासून तयार केलेला. सगळे दिवस-रात्र हाका मारून थकले, काही उत्तर येईना. वरिष्ठांनी तिला सांगितलं, थोडे दिवस घरी जा.

"आई, ते उठलं नाही तर मी राजीनामा देणार."

"आणि गोष्टी?"

"त्यापण नको. एक पेटी सूर्याकडे तोंड करून ठेवता येईना, आणि दुसऱ्या ग्रहांच्या बाता कसल्या मारू?"

मी तिच्या डोक्याला तेल लावत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी घाडी आले. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. पावसापूर्वी राखणदाराला रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि नव्या वहाणा द्यायच्या असतात. यंदा ती पाळी आमच्या वाड्याकडे होती. बांद्याहून करून आणलेल्या वहाणा मी ओसरीवर ठेवल्या होत्या. माणसाच्या पायापेक्षा दीडपट मोठ्या, कडक चामड्याच्या, तेलाचा वास येणाऱ्या. घाडींनी त्या उलटसुलट करून बघितल्या आणि मग बायकडे बघितलं.

"काय गो, बंगळूरच्या हापिसात जेवक घालीत नाय की काय? त्वांड कित्याक उतारला?"

मीच म्हटलं, "तिचा एक यंत्र हरवला हा वर."

"वर म्हणजे खंय? सड्यार?"

"त्याच्या वर."

मग बायने त्यांना सगळं नीट सांगितलं. घाडी तंबाखू मळत ऐकत होते.

"म्हणजे ढोर चुकला."

"तसाच समजा, काका."

"रंग?"

"सोनेरी."

"शिंगां?"

"एकच. अँटिना म्हणतत त्याका."

"खुरां?"

"नाय ओ काका!" आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा माझी मुलगी हसली.

घाडी मात्र हसले नाहीत. आमच्याकडे ढोर चुकलं की राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. रंग, शिंगं, खुणा सगळं सांगायचं. त्याच्या शिमेत असेल तिथून तो वाटेला लावतो, अशी समजूत. म्हणाले, "वहाणा दितोच असा, तर ह्याही गाऱ्हाणा घालूया."

मी म्हटलं, "पण भिकाजीभाऊ, ता काय गावात नाय हा."

"ता मात्र खरा." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पूर्वेक व्हाळ, पश्चिमेक मोठी धोंड, तेच्या भायर तो पाय टाकना नाय."

तेव्हा बाय बोलली. ती गोष्टी लिहिते ना, तिचं डोकं तसं चालतं. "काका, तुमी चार बाजू सांगलास. पण वर शीम खंय संपता?"

घाडींचं तोंड चालायचं थांबलं. "वर?... वरची कोणी इचारूक नाय आजपर्यंत."

"म्हणजे छप्पर नाय. दिसाक एक-दोनदा तरी ता आपल्या गावाच्या माथ्यावरसून जाता. आज मध्यानीक जातला."

घाडींनी मांडीवर थाप मारली. "मगे आपल्या शिमेतच येता की गो ता!"

बाय गंमत करत होती, हे मला ठाऊक होतं. पण ती उठली, केस बांधले, पायात चप्पल घातली. घरात बसून फोनकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून असेल.

राखणदाराचं ठाणं सड्याच्या कडेला काजऱ्याच्या झाडाखाली आहे. मूर्ती नाही, एक उभा दगड. वैशाखातलं मध्यान्ह ज्यांनी आमच्या सड्यावर काढलं असेल त्यांना सांगायला नको — जांभा असा तापतो की भाकरी भाजावी. काजऱ्याची पानंही सुकून विरळ झालेली. दगडापुढे उन्हातच वहाणा ठेवल्या, पानावर रोट ठेवला, तांब्या ठेवला. आम्ही तिघंच होतो.

घाडींनी डोक्याला मुंडासं बांधलं आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचा एक ढोर चुकलेला असा. सोन्याच्या रंगाचा, एका शिंगाचा..." मग थांबून बायला हळूच विचारलं, "नाव काय त्याचा?"

तिने ऑफिसातलं नाव सांगितलं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"असल्या नावान हाक मारल्यार कोण परतात? घरातला नाव सांग."

घरातलं नाव कुठलं असणार! बाय माझ्याकडे बघायला लागली. आणि मी — चारचौघांत तोंड न उघडणारी — बोलून गेले, "सोनू म्हणा."

"...नाव सोनू! तुझ्या माथ्यावरसून जाताना त्याका आडव, त्याचा तोंड सूर्याकडे कर, आणि वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," असं सोबतच्यांनी म्हणायचं असतं. मी ओरडले. इतक्या मोठ्याने की समोरच्या काजूवरचे कावळे उडाले. माझ्या मुलीसाठी ओरडायचं होतं, लाज कसली.

गाऱ्हाणं झालं की मागे न बघता निघायचं, व्हाळात पाय धुवायचे आणि मग भांडी आणायला परत यायचं, अशी रीत. व्हाळात पाणी पोटरीभरही नव्हतं. पाय धुतले, बायने तोंडावर पाणी मारलं, आणि आम्ही परत चढलो. तेवढ्यात काय तो वेळ गेला असेल तो.

वहाणा ठेवल्या तिथेच होत्या. पण एक उलटी पडली होती. तिचा तळ — सकाळी माझ्या हाताला सपाट, कडक लागलेला तळ — टाचेकडे झिजून कागदासारखा झाला होता. अंगठ्याखाली भोक पडायला आलेलं. आणि दोन्ही वहाणांवर पांढरं काहीतरी होतं. मला पिठूळ बुरशी वाटली. बाय वाकली, हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"आई... गार."

मी हात लावला. गार म्हणजे फ्रीजमधल्या बर्फासारखं. खरंच बर्फ होता तो, बारीक, पिठासारखा. आमच्या डोळ्यांदेखत वितळला. खालच्या जांभ्यावर त्याचे थेंब पडून लगेच सुकत होते. त्या दगडावर मी अनवाणी उभी राहू शकत नव्हते — आणि त्याच दगडावर ते चामडं गारठलेलं होतं.

बायचा चेहरा मी आयुष्यात तसा बघितलेला नाही. भिकाजीभाऊ फक्त एवढंच म्हणाले, "लांब जावन इलो वाटता."

मग बाय भानावर आली. "काका, एकच नेतंय. तपासून परत आणून दितंय."

"तुझ्या हापिसात माझो देव तपासतलंस?"

"देव नाय हो, चामडा..."

"ठेव ता खाली. झिजलेली व्हाण ठाण्याकडेच ऱ्हवता. घराक नेवची नसता."

तिने हातातली वहाण बराच वेळ खाली ठेवली नाही. मग ठेवली, काजऱ्याच्या मुळाशी. उतरताना मी तिला विचारलं, तू वाद कसा नाही घातलास? तर म्हणाली, "तपासल्यावर साधं चामडं निघालं तर? आणि नाही निघालं तर?... मला दोन्हीची भीती वाटली."

सड्याच्या त्या कडेला फोनला रेंज नसते. खाली रस्त्याला लागलो आणि तिचा फोन वाजायलाच लागला, एकामागून एक. तिने एक उचलला. पलीकडून कोणीतरी इंग्रजीत ओरडत होतं. ती रस्त्यातच बसली. मला वाटलं, संपलं सगळं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वर बघून म्हणाली, "बोलला गो आई. सोनू बोलला."

पुढे ऑफिसात चौकशी झाली. गडगडणं आपोआप मंदावलं, योगायोगाने तोंड सूर्याकडे आलं, वीज भरली, यंत्र पुन्हा सुरू झालं. असं होऊ शकतं, पूर्वी इतरांच्या यंत्रांचं झालेलं आहे. तिचा भाग शाबूत होता, हेही सिद्ध झालं. हे सगळं बायने मला नीट समजावलं आणि मला ते पटतं. यंत्र का उठलं याचं उत्तर आहे. वहाणांचं नाही. आम्ही दोघींनी किती डोकं चालवलं. कोणी जुन्या आणून ठेवल्या म्हणावं, तर वरचं चामडं नवंच होतं, तेलाचा वासही तसाच होता. आणि भर वैशाखात सड्यावर बर्फ कुठून आणणार? भिकाजीभाऊ तर सगळा वेळ आमच्याबरोबरच होते.

मी तिला म्हटलं, तू यावर गोष्ट लिही. यंदा तिने दिवाळी अंकाला दिलेली गोष्ट दुसरीच आहे, मंगळावरच्या एका विहिरीची, आणि फार सुंदर आहे. पण ही लिहायला ती तयार नाही. म्हणते, "आई, माझ्या गोष्टीत अशक्य काही झालं तर ते कसं झालं हे मला सांगावं लागतं. हे मला सांगता येणार नाही. तू लिही."

म्हणून मी लिहिलं. मलाही सांगता येत नाही. पण परवा बाजारात एका बाईने विचारलं, तुमची मुलगी काय करते हो? एरवी मी पदर तोंडाला लावून "नोकरी" एवढंच म्हणते. त्या दिवशी मी पाटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. आजूबाजूच्या चार बायका ऐकायला थांबल्या, तरी थांबले नाही.