महोदयांचं सव्वीस किलोचं पोतं

दिल्लीच्या संसदेत अहमदपुरातून रोज व्यत्यय आणणारा माणूस मी एकच पाहिला. तो मुरमुऱ्याच्या भट्टीवर बसायचा. कढईत वाळू तापलेली, हातात झारा, आणि समोरच्या फळीवर टीव्हीत अधिवेशन चालू. एखादा सदस्य नुसताच वेळ खातोय असं दिसलं की झारा वर जायचा. "अध्यक्ष महोदय, ह्यांना खाली बसवा! मुद्द्याचं काय न्हाई, नुसती हवा करून राहिले." गिऱ्हाईक ताटकळलं तर त्यालाच दटावायचा, "थांब रे, मंत्री उत्तर देऊन राहिले. तुझे मुरमुरे कुठं पळून चाललेत?" यासीनचाचा हे त्यांचं खरं नाव. गावानं मात्र त्यांना 'महोदय' करून टाकलं होतं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे नाव सांगितल्याशिवाय ते माल देत नसत. पिशवीत मुरमुरे ओतताना दर मापाला म्हणायचे, "यासीन भट्टीवाल्याचा माल हाय." मी एकदा म्हटलं, "चाचा, अख्ख्या गावाला ठाऊक आहे, कशाला घसा कोरडा करता?" तर म्हणाले, "उद्या घरी सुशीला बिघडली तर बायको शिव्या कुणाला देईल? नाव ठावं पाहिजे का न्हाई? माल करायचा आन् नाव लपवायचं, हे चोराचं काम." आमच्याकडं मुरमुरे भिजवून, हिरव्या मिरचीची फोडणी देऊन केलेली सुशीला पोटात गेल्याशिवाय सकाळ सुरू होत नाही. म्हणजे चाचांनी शिव्या खायची तयारी रोज सकाळची ठेवली होती.

मला ते 'संपादक' म्हणत. मी एक साप्ताहिक काढलं होतं आणि ते चार अंकांत गेलं, ही गोष्ट त्यांनी मला कधी विसरू दिली नाही. साप्ताहिकानंतर माझ्याकडं उरलं ते छपाईचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, मंगल कार्यालयाच्या पावत्या. चाचांच्या मुरमुऱ्याला पाकिटात घालायची आणि पाकिटाला लेबल लावायची अक्कल माझी. "नाव तोंडानं किती सांगाल? छापून टाकू," मी म्हटलं. मोठ्या हौशीनं लेबल सजवलं. वर कमान, मध्ये 'यासीन मुरमुरे, अहमदपूर', खाली वजन. पहिला गठ्ठा छापून नेला तेव्हा तळाला बारीक अक्षरात 'कृपया आहेर आणू नये' हेही आलेलं. आदल्या पत्रिकेतली ओळ पुसायची राहिली होती. चाचा हसून हसून भट्टीवरून उठले. "चालतंय संपादक. आहेर नको, पैसे आणले म्हंजे झालं."

त्या लेबलाचा सगळ्यात जास्त आनंद चाचींना झाला. बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडं हिंदूंमधल्या जुन्या वळणाच्या बायका पाळतात तशी चाचीही पाळत. चाचांना त्या 'शबानाके अब्बा' म्हणत. बँकेत नाहीतर दवाखान्यात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की अडायचं. मग कुणीतरी शेजारचं सांगायचं. लेबल आल्यावर त्या पिशवीत एक पाकीट ठेवू लागल्या. बँकेतल्या साहेबानं विचारलं, "पतीचं नाव?" चाचींनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि 'यासीन'वर बोट ठेवलं. साहेबाला वाटलं, नाश्ता आणलाय.

हे सगळं चाललेलं असताना तो नियम आला. सुटे मुरमुरे विकले तर कर नाही. पाकिटात भरून वर लेबल लावलं तर कर. चाचांची उलाढाल सवलतीच्या रेषेच्या जराशी वर होती, म्हणजे ते नेमके सापडले. उदगीर, लातूरच्या किराणावाल्यांचे फोन यायला लागले. कर धरून भाव वाढवला तर गिऱ्हाईक घेत नाही; तुम्ही लेबल तरी काढा, नाहीतर माल तरी पाठवू नका.

चाचांनी मला बोलावून घेतलं आणि पेपर पुढं टाकला. "वाच संपादक. मला उर्दू येती, मराठी येती, ही भाषा येत न्हाई." मी वाचून सांगितलं. त्यांनी झारा कढईतल्या वाळूत रोवला. "म्हंजे नाव लपवून विकलं तर माफ? आन् मी यासीन, हे माझं वजन, हा माझा पत्ता, असं छातीवर लिहून विकलं तर दंड?"

"दंड नाही चाचा, कर."

"ज्याला भरावा लागून राहिला त्याला विचार, दंड हाय का कर."

पुढच्याच आठवड्यात टीव्हीवर कळलं की या प्रश्नावर संसदेत चर्चा होणार. नियम लागू होऊन गेलेला, पाकिटं दुकानांतून परत आलेली, आणि आता चर्चा. चाचा म्हणाले, "निकाह लावून झाला, बिर्याणी खाऊन झाली, आन् आता विचारून राहिले, पोरगी पसंत हाय का?"

इथं माझ्या हुशारीनं पुन्हा उचल खाल्ली. नियमात मला एक पळवाट सापडली होती. पंचवीस किलोच्या वरच्या गोणीला कर नव्हता. तांदूळवाले सव्वीस किलोच्या गोण्या भरून मोकळे झाले होते. मी भट्टीवर जाऊन मांडी ठोकली, "चाचा, आपणही सव्वीस किलोचं पोतं भरू! वर लेबल लावा, नाव लावा, काय वाट्टेल ते लावा." चाचांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी तेव्हाच ओळखायला हवी होती. "भरू की," ते म्हणाले.

मुरमुरे म्हणजे वजनाला हवा, हे मला जन्मापासून खाऊनही कळलेलं नव्हतं. नेहमीच्या पोत्यात आठ-नऊ किलो जेमतेम बसतात. चार पोती उसवून चाचींनी एक शिवलं. भरता भरता दुपार झाली. सव्वीस किलो झाले तेव्हा भट्टीत पोतं होतं आणि आम्ही तिघं दाराबाहेर होतो. लातूरच्या किराणावाल्याला मी अभिमानानं फोटो पाठवला. त्याचा फोन आला, "पोतं दुकानात ठेवतो, पण मी कुठं बसू ते सांगा."

मी खजील होऊन उसवायला सुई शोधू लागलो. चाचांनी हात धरला. "राहू दे. हे खासदारसाहेबांना दाखवू. तुझे अर्ज कोण वाचून राहिलंय?" साहेबांना द्यायचा अर्ज मीच लिहून ठेवला होता, तीन पानं, त्यात 'लघुउद्योजकांची ससेहोलपट' हे शब्द चार वेळा. मुरमुरे हा शब्द मला फार साधा वाटला म्हणून मी तो पहिल्या दोन पानांत येऊच दिला नव्हता.

खासदारसाहेब विश्रामगृहावर आले होते. टमटममधून पोतं नेलं. ते दारातच अडकलं. साहेब आत, आम्ही बाहेर, मध्ये पोतं. आतून कार्यकर्ते ओढतायत, बाहेरून मी ढकलतोय. चाचा पोत्याच्या वरून वाकून बोलले, "साहेब, पंचवीस किलोच्या वर माफी हाय म्हनं. हे सव्वीस किलो. दिल्लीत हे लिहिलं त्यांनी मुरमुरे कधी हातात तरी घेतलेत का, एवढंच विचारा."

साहेब पोट धरून हसले. पोत्याबरोबर फोटो काढला, मूठभर खाल्ले, म्हणाले, "चाचा, शब्द देतो. चर्चेत मी बोलणारच आहे. तुमच्या मुरमुऱ्याचं नाव संसदेत घेतो."

चर्चेच्या दिवशी चाचांनी भट्टी पेटवली नाही. धुतलेला पांढरा सदरा घातला. चाची पडद्यामागं, मी बाकड्यावर. तासन्‌तास ऐकलं. निम्मी बाकं रिकामी. एकजण महागाई आहेच कुठं म्हणून विचारत होता, दुसरा त्याच्या पक्षाचा तीस वर्षांपूर्वीचा कारभार काढत होता, बाकीचे बाकं बडवत होते. चाचांनी एकदाही अध्यक्षांना हाक मारली नाही. आमचे खासदार उठले तेव्हा त्यांनी मांडी नीट घातली. साहेबांनी आधी नेत्याचे आभार मानले. मग एक शेर म्हटला. मग समोरच्यांना एक टोमणा मारला. त्यावर हशा झाला आणि गोंधळ झाला. घंटा वाजली. "अध्यक्ष महोदय, एकच मिनिट," साहेब म्हणाले. त्या मिनिटात रेल्वेची मागणी केली आणि बसले.

चाचांनी टीव्ही बंद केला. "एक बार तो मुरमुरा बोलना था रे बाबा," एवढंच म्हणाले. मला नाही, त्या काळ्या काचेला.

मला आजही त्या मिनिटाचा संताप येतो. कर लावा, राज्य चालवायला पैसा लागतो, हे चाचांनाही मान्य होतं. वीजबिल ते मुदतीच्या आधी भरत. पण ज्या सभागृहाला एक माणूस कढईवरून वर्षानुवर्षं महोदय, महोदय म्हणत आला, त्या सभागृहाकडं त्याच्यासाठी चार अक्षरं नसावीत? मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं होती तशीच फळीवर राहिली. त्यांच्याकडं हिशेबाला माणसं आहेत. नाव गेलं ते यासीनचं. आणि नाव छापा म्हणून त्याला गळ घालणारा शहाणा मी, हे तर कुणाच्या भाषणात येणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी उरलेली लेबलं मला परत दिली. पुन्हा सुटा माल, पुन्हा माप. पिशवीत ओतताना मोठ्यानं म्हणाले, "यासीन भट्टीवाल्याचा माल हाय." मग माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. "तोंडानं सांगितलेल्या नावावर अजून कर न्हाई, संपादक. पेपरात छापू नको, त्यांना आठवण होईल." टीव्ही मात्र त्यांनी पुन्हा लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. चाळिसावं झालं, त्यानंतर बरेच दिवस मी त्या गल्लीत फिरकलोच नाही. माझ्या कपाटात लेबलांचा गठ्ठा आहे, त्याला सामोरं जायची लाज. शेवटी सोमवारच्या बाजारात धीर करून गेलो. पोत्यामागं चाची बसल्या होत्या, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढून. समोर अनोळखी गिऱ्हाईक. चाचींनी माप भरलं, त्याच्या पिशवीवर धरलं आणि थांबल्या. माप हवेत तसंच. गिऱ्हाईक म्हणालं, "ओता की, मावशी."

चाचींनी खाली बघत, आयुष्यात कधी न घेतलेलं ते नाव घेतलं.

"यासीन... यासीन भट्टीवाल्याचा माल हाय."

आणि मग मुरमुरे ओतले.