छपराखालची कसम

मायाक्काचं तोंड अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. मेंढरं रानात शिरली म्हणून कुणी भांडायला आला, की तिचा नवरा हरिबा खाली मान घालून चिलीम भरत बसायचा आणि भांडण मायाक्का निस्तरायची. तिच्या शिव्या ऐकून आलेला गडी कशासाठी आलो होतो तेच विसरून माघारी जायचा.

सांगोल्याच्या अंगाला, कुसळाशिवाय काही उगवत नाही असल्या माळावर त्यांची वाडी. चारा सरला की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आणि मेंढरांमागं मुलूख तुडवत जायचं, ह्यातच तिची निम्मी हयात गेलेली. तिचा एकुलता ल्योक सिद्धनाथ असाच वाटंवर जन्मला. वर पाऊस कोसळत होता आणि आडोसा म्हणजे दोन काठ्यांवर टाकलेलं घोंगडं. दुसऱ्या दिवशी पोर पाटीत घालून ती मेंढरांमागं चालायला लागली. ह्याचं तिला काही कौतुक नव्हतं. "मग काय करायचं? मेंढरं थांबत्यात व्हय?" एवढंच म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. काही मेली, काही मरायच्या आधी विकली. सिद्धनाथ खडी फोडायला लागला आणि एक दिवस खडीवरनंच उठून पलटणीत भरती झाला. त्या टायमाला सोलापूरच्या बाहेर माळावर रंगरूटांचं एक केंद्र होतं. तिथं पोरगं कवायत शिकलं. मग एक दिवस सांगावा आला, की कसम परेड हाय, आई-बापानं यायचं. परेड झाली की पोरं त्याच दिवशी आगगाडीनं वर, सरहद्दीकडं.

कसम म्हटल्यावर मायाक्का सावरून बसली. त्यांच्या वाडीत कुणाला शब्द द्यायचा असला, तर बिरोबाच्या देवळाफुडच्या पटांगणात भंडारा उचलायचा. पटांगणातच, देवळाच्या आत नाही, सोप्यात नाही. वर आभाळ पायजे, खाली माती पायजे आणि सगळ्या भावकीनं बघायला पायजे. छपराखाली दिलेला शब्द म्हणजे घरातल्या घरात केलेली कुजबूज. तेव्हा पोरगं सरकारला शब्द देणार, तर तो आपल्या डोळ्यांनी बघायचा, हे तिनं त्याच घटकेला ठरवलं. "आपुन न्हाई बगितलं तर त्यो शब्द कुणाफुडं दिला म्हनायचा?" तिनं हरिबाला विचारलं.

"सरकारफुडं," हरिबा म्हणाला.

"सरकार तुमची भावकी लागतंय का?"

पावसाळा सरत आला होता. आदल्या दिवशी दोघं एसटीनं सोलापूरला आली, शुक्रवार पेठेत बहिणीच्या लेकीकडं, महानंदाकडं उतरली. आणि पहाटेपासनं पाऊस लागला. साधासुधा नव्हं, पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा.

मायाक्का उंबऱ्यात उभी राहून आभाळाकडं बघत राहिली. दुसऱ्या कशानं वाट अडवली असती तर तिनं त्याचं खानदान काढलं असतं. पण पावसाला काय बोलणार? दोन वर्षं ह्याच पावसासाठी तिनं बिरोबाला साकडं घातलेलं. 

केंद्राच्या फाटकात पोचली तवा दोघंही चिंब. आत बघते तर मैदान मोकळं. चुन्याच्या रेघा वाहून गेलेल्या, पाव्हण्यांसाठी घातलेला मांडव एका अंगाला कललेला. आणि पोरं? मैदानाच्या टोकाला पत्र्याचं लांबलचक गोदाम होतं, पोरं त्यात चाललेली.

दारात एक सुभेदार उभा होता. रामहरी त्याचं नाव, मोडनिंबकडचा गडी. मिशा ओल्या झाल्यानं त्याचा रुबाब निम्मा उतरला होता.

"मावशी, तिकडं ताडपत्रीखाली बसा. आत जागा न्हाय. साहेब लोक आन् पोरंच कशीबशी मावत्यात."

"आन् परेड?"

"आतच. पाऊस हाय न्हवं?"

"पाऊस हाय म्हनून?" मायाक्काला आता शिवी घालायला माणूस सापडला. "आरं, तुमी लढाईला जानार का लग्नाला? तितं सरहद्दीवर पाऊस आला तर वैऱ्याला म्हनाल का, थांब बाबा, जरा छपराखाली जाऊन येतो?"

मागं उभे असलेले चार बाप हसले. रामहरी नाही हसला.

"लढाईत भिजावं लागतंय, मावशी. तवा भिजू की. आज कशापायी? काळ्या मातीचं मैदान हाय हे. बंदुकीला संगीन लावून चालायचं असतंय. दुष्काळाच्या आधी एकदा असंच पावसात उघड्यावर घेतलं, एक पोरगं घसरलं, शेजारच्याच्या मांडीत संगीन घुसली. त्याची आय बी आली हुती बघायला. तिला काय सांगू मी?"

मायाक्का जास्तच चिडली. "मग दार तरी सताड उघडं ठेवा," ती म्हणाली. पण झड आत येत होती. दार ओढून घेतलं.

हरिबा ताडपत्रीखाली जाऊन केव्हाच चहा पीत बसला होता. "ये की हिकडं. गोड हाय."

"तुमीच ढोसा."

ती गोदामाच्या भिंतीला कान लावून उभी राहिली. वर पाऊस पत्रा बडवत होता. आत कुणीतरी ओरडलं, मग शेकडो गळे एकदम काहीतरी बोलले. त्यातला सिद्धनाथचा कुठला, ते काही कळेना. आपल्या कळपातलं कोकरू अंधारात नुसत्या आवाजावरनं वळखणारी बाई ती. पण इथं सगळी एकाच सुरात बोलत होती. बूट आपटले, टाळ्या झाल्या. संपलं.

पोरं बाहेर आली. स्टेशनावर न्यायचा ट्रक यायला अवकाश होता, तेवढ्यात घरच्यांना भेटून घ्या, असा हुकूम झाला. सिद्धनाथ बंदूक भिंतीला टेकवून वळचणीखाली उभा राहिला. कोरडा खडखडीत, इस्त्रीची घडी जागच्या जागी, बुटात तोंड दिसावं असा.

"आये, लई भिजलीस की गं."

"तू न्हाई भिजलास," मायाक्का म्हणाली.

"बरं झालं आत घेतली. पालिशीत हात मोडलं हुतं माजं."

झालं. इतका वेळ तुंबलेलं सगळं तिच्या तोंडावाटं बाहेर आलं. "पालिश? तू जन्मलास पान्यात! नाळ कापली तवा वरनं धार लागलीवती! आन् आता बुटाला पानी लागतंय व्हय रं? मी काय बगितलं हितं येऊन? पत्रा बगितला, पत्रा! चार पावलं चालून दाव मला. उघड्यावर. मग जा कुटं जायचं ते."

"आये, वर्दी खराब हुईल. कवायतीचा उस्ताद बगतोय."

"उस्तादानं काढला व्हय तुला?"

आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसायला लागली. सिद्धनाथचे कान लाल झाले. आईनं तोंड मिटावं म्हणून म्हणा, ईर्ष्येनं म्हणा, त्यानं ताठ होऊन पाऊल टाकलं. एक, दोन, हात खांद्याइतका वर, टाच जोरात खाली.  आणि बूट सटकला. पोरगं पाठीवर आपटलं. उठायला गेलं ते पुन्हा तोंडघशी. उभं राहिलं तवा वर्दी कुठली आणि माती कुठली, कळत नव्हतं.

रामहरी धावत आला. "ह्याच्याचसाठी आत घेतली हुती परेड! तासाभरात गाडी हाय, आन् हे असलं ध्यान घेऊन जाऊ मी?" मग मायाक्काकडं एकदा बघून तो पोरावर ओरडला, "बंदूक डोईवर! मैदानाला चक्कर. थांब म्हनस्तवर!"

सिद्धनाथ पळायला लागला. हात वर, डोक्यावर आडवी बंदूक, चिखल बुटात, पाऊस डोळ्यांत. एवढ्या थोरल्या मैदानात तो एकटाच. भेटीला दिलेला सगळा वेळ त्यातच गेला. मायाक्का दोनदा रामहरीकडं गेली. "बास की आता. चूक माजी हाय." तो तिच्याकडं बघायलाही तयार नव्हता.

स्टेशनावर न्यायला ट्रक आला. दुसरी वर्दी चढवून सिद्धनाथ धावत आला, हरिबाच्या पायाला हात लावला, मग आईच्या. "येतो," म्हणाला. पण मान वर केली नाही, आणि ट्रकात चढला तो पाठ करून बसला.

"रागावलंय," मायाक्का म्हणाली.

"मग काय वोवाळील तुला?"

एरवी तिनं हरिबाला जागच्या जागी सोलला असता. आज तिनं पदर पिळला आणि चालायला लागली.

एसटीत वाडीकडचीच गोजरबाई भेटली. जागा करून देत तिनं विचारलं, "पोराची परेड बगाय गेलावता म्हनं? कशी झाली गं?"

मायाक्कानं काचेवरनं ओघळणाऱ्या पाण्याकडं बघितलं.

"पाऊस हुता," ती म्हणाली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.