उसना गडी

मी डूख धरणारा माणूस आहे. शाळेत असताना ज्या पोरानं माझी चप्पल रायपूरच्या बूढापारा तलावात फेकली, त्याच्या दुकानातून मी आजही साधी माचिस घेत नाही. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा नाग बरा, तो निदान चावून मोकळा होतो. असो. तेव्हा आमच्या रग्बीच्या गोऱ्या कप्तानानं जे केलं ते मी हसून सोडून देईन असं ज्यांना वाटलं, त्यांना मी कळलोच नव्हतो.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. गावाबाहेर एका वीजप्रकल्पाचं काम निघालं, परदेशी इंजिनियर आले, आणि चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या ऑफिसात मी नकाशे काढायला लागलो. या मंडळींना रविवारी रग्बी खेळल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळायचं, समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, आणि ज्याच्या हाती चेंडू असेल त्याला धरून पाडायचं, एवढं समजलं तरी पुरे. पंधरा गडी त्यांच्याकडे कधीच जमायचे नाहीत, म्हणून दहा-दहांचा खेळ चालायचा. तरीही माणूस कमी पडायचा. मग त्यांनी ऑफिसातल्या आम्हा दोघा-तिघांना भरतीला घेतलं. मी मराठी मंडळाच्या मैदानावर कबड्डी खेळून वाढलेला. धरपकड म्हटल्यावर माझे हात शिवशिवले आणि मी हो म्हटलं.

कप्तान म्हणजे साइटवरचा मोठा साहेब. दारात वाकून शिरणारा, उन्हानं मान लाल झालेला, आणि आवाज असा की त्याला फोनची गरज नव्हती.

पहिल्याच सामन्यात माझी फजिती झाली. शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या प्रकल्पावरचे परदेशी खेळायला आले होते. रग्बीत तुम्हाला पाडलं की चेंडू ताबडतोब सोडायचा असतो. हा नियम मला दहा वेळा सांगितला होता, मी दहा वेळा मान डोलावली होती. पण अंगात कबड्डी भिनलेली. कबड्डीत पकडला गेलेला माणूस हार मानत नाही. दम टिकेल तोवर मध्यरेषेकडे सरपटत राहतो, आणि लोक त्यालाच वाहवा देतात. मला दोघांनी आडवं केलं तेव्हा मी चेंडू पोटाशी धरला आणि तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत रेषेकडे सरपटायला लागलो. शिट्टी वाजली तरी मी सरपटतच होतो. दंड म्हणून पाहुण्यांना किक मिळाली, ती नेमकी खांबांच्या मधून गेली आणि तेवढ्यावर आम्ही हरलो.

सामन्यानंतर संध्याकाळी कंपनीच्या बंगल्यावर जेवण असायचं आणि त्याआधी ‘कोर्ट’. दिवसभरात ज्यानं सगळ्यात मोठा मूर्खपणा केला त्याला शिक्षा सुनावायची, हा त्यांचा रिवाज. त्या दिवशीचा आरोपी कोण हे सांगायला नको. पण नेमके त्याच दिवशी माझे वडील बंगल्यावर आले होते.

वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. पोराला परदेशी साहेबानं टीममध्ये घेतलं याचा त्यांना एवढा अभिमान, की पंडरीच्या कापडबाजारात जाऊन त्यांनी चांगली शाल आणली होती आणि सोबत नारळ. आपल्या लेकराचं ज्यानं भलं केलं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, ही आमची रीत. हिरवळीवर सगळ्यांसमोर, टाचा उंच करून, त्यांनी कप्तानाच्या खांद्यांवर शाल घातली, नारळ हातात दिला आणि नमस्कार केला. कप्तानही वाकला. टाळ्या पडल्या. इथवर सगळं ठीक होतं.

मग कोर्ट बसलं. कप्तानानं ती शाल खांद्यावरून काढली, परकरासारखी माझ्या कमरेला गुंडाळली, नारळ माझ्या पोटाशी दिला आणि मला सरपटायचा हुकूम सोडला. नोकरी होती, मी सरपटलो. नंतर कोणीतरी नारळ हिसकावला आणि साहेबलोक तो चेंडूसारखा एकमेकांकडे फेकायला लागले. शेवटी तो पायरीवर आपटून फुटला. सगळे खिदळत होते.

आणि वडीलही हसत होते. त्यांना वाटलं, सत्काराला उत्तर द्यायची ही साहेबलोकांची पद्धत असेल. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाले, “मानसं मोठी दिलखुलास हायेत. तू काहून असा तोंड पाडून राह्यला?”

मी गाडी चालवत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळात सांगितलं, की साहेबानं माझी शाल पोराला नेसवून नाचवलं, एवढा जीव लावते. ऐकणाऱ्यांतल्या दोघा-चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेही मी पाहिलं.

साहेबलोक नुसतं मला हसले असते तर मी गिळलं असतं. बापाच्या भोळेपणाला हसले, ते घशाखाली उतरेना. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती: हा माणूस माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत मातीत पडलेला बघायचा. बाचाबाची नको, तक्रार नको, नोकरीही सोडायची नाही. त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी त्याला धूळ चारायची.

मी खेळत राहिलो. सरावात कप्तान मला पोत्यासारखा वापरायचा. उभा कर, धडक मार, पुढे जा. मी मुकाट्यानं धडका खायचो आणि बघायचो. तो चेंडू नेहमी उजव्या काखेत घेतो. वळायच्या आधी डावा पाय जरा जास्त रोवतो. आणि गोरे लोक खांदा देऊन कमरेला, मांडीला धरतात. घोट्याकडे कोणाचं लक्ष नाही. कबड्डीत आमच्या मास्तरांनी मला दुसरं काही शिकवलं नव्हतं, फक्त घोट्याची पकड शिकवली होती. रग्बीच्या नियमांत ती चालते का, हे मी एका पंचाला गोड बोलून विचारून घेतलं. चालते. त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

अडचण एकच होती. आपल्याच कप्तानाला सामन्यात पाडणार कसं?

पण आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. पुढच्या थंडीत तेच पाहुणे पुन्हा आले. नव्या राजधानीसाठी मोकळ्या केलेल्या जमिनीवर, लाल मुरमावर चुना टाकून मैदान आखलं होतं. पाहुण्यांची एक गाडी वाटेत बंद पडली आणि त्यांचा एक गडी कमी झाला. अशा वेळी यजमानांनी आपला एक माणूस उसना द्यायचा आणि त्या माणसानं समोरच्यांकडून जीव तोडून खेळायचं, असा त्यांचा जुना रिवाज. कप्तानानं आमच्यावरून नजर फिरवली. कमअस्सल माल कोण, हे त्याला शोधावं लागलं नाही. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी पाहुण्यांची हिरवी जर्सी अंगात घातली. वडिलांना मी मुद्दाम घेऊन आलो होतो, ते मैदानाच्या कडेला बसले होते.

पहिल्यांदा चेंडू हाती आला तसा कप्तान सरळ माझ्या अंगावर आला. पोतंच ते, तुडवून जाऊ. मी वाकलो, त्याचा डावा पाय रोवला जायची वाट पाहिली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. एवढं मोठं धूड पालथं पडलं. कडेला उभे असलेले ड्रायव्हर लोक ओरडले, “वाह भैया! अऊ एक बार!”

त्यांची फर्माईश मी पुरी केली. तो डावीकडे गेला, मी डावीकडे गेलो. उजवीकडे गेला, मी तिकडे हजर. चेंडू दुसऱ्याकडे असला तर मला काही घेणं नव्हतं; पाहुण्यांचा कप्तान माझ्यावर खेकसला तरी मी माझं गिऱ्हाईक सोडलं नाही. दर वेळी पाडताना ओठांत ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. शेवटी आमचे लोक, म्हणजे त्या दिवशीचे माझे शत्रू, थोडक्यात मागे होते आणि कप्तान चेंडू घेऊन एकटा रेषेकडे सुटला. मी मागून झेप घेतली. एकाच हातात घोटा आला, पण आला. तो रेषेच्या अलीकडे तोंडावर आपटला, चेंडू हातातून निसटून पुढे घरंगळला आणि सामना संपला. त्याचा गुडघा मुरगळला होता, दातांत मुरूम होता.

मला कसं वाटलं ते सरळ सांगतो. लग्नात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

तो लंगडत माझ्याकडे आला आणि त्यानं मला मिठी मारली. एवढं येतं तर लपवून का ठेवलंस, पुढच्या वेळी तू पहिल्या फळीत, म्हणाला. त्याला वाटलं, मी चांगला खेळलो.

“हे त्या नारळासाठी होतं,” मी म्हणालो.

“कोणता नारळ?”

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. शाल, श्रीफळ, माझे वडील. ऐकता ऐकता त्याची मान होती त्याहून लाल झाली. म्हणाला, कुठे आहेत ते, चल, मी माफी मागतो. एवढं तर मी मागितलंही नव्हतं! मी छाती काढून पुढे चालू लागलो, तो लंगडत मागे.

वडील आम्हाला येताना पाहून लगबगीनं उठले. “अरे साहब, बहुत लग गया क्या? बैठिए, बैठिए.” आणि त्याचा दंड धरून त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. तिथे दुसरी खुर्ची नव्हती. तो बसल्या बसल्या “सॉरी, बाबा” म्हणाला. वडिलांना वाटलं, खुर्ची घेतल्याबद्दल म्हणतोय. “कोई बात नहीं, कोई बात नहीं.”

“बाबा, तुम्ही बसा. त्याला उठू द्या,” मी म्हणालो.

“त्याचा पाय दुखून राह्यला न रे.” मग माझ्याकडे वळून, साहेबाला समजू नये म्हणून हळू आवाजात, “आणि असं पाडते काय कोणी? आपला मानूस हाये न तो.”

साहेबानं पाय लांब केला, कोणीतरी गुडघ्यावर ठेवायला बर्फ आणून दिला. वडील खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याला ऊन लागू नये अशा बेतानं उभे होते. मी त्यांच्या शेजारी. आम्ही दोघं बापलेक उभे होतो, आणि बसला होता तो एकटाच.