जाळीवरचा वाढदिवस

वाढदिवसाच्या बॅनरची मला शिसारी येते. ते गॉगल, ते जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. चौकातले बॅनर मी मान वळवून टाळत आलो. पण खरी किळस बसली ती खामगावजवळच्या एका गावात, मीच बांधलेल्या शाळेवर.

मी आर्किटेक्ट. त्या शाळेसाठी पैसे इतके तुटपुंजे होते की पंख्यांचं नाव काढायची सोय नव्हती, आणि पंखे असते तरी दुपारी लाइट असते कुठे? म्हणून वाऱ्यालाच कामाला लावलं. पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूनं, खोल व्हरांडा काढला आणि त्याच्या कडेनं विटांची जाळी उभी केली. ऊन जाळीत अडायचं, वारा वर्गात यायचा. छत तापू नये म्हणून स्लॅबमध्ये मडकी पालथी घातली, गच्चीला चुना मारला. गावानं यथेच्छ टिंगल केली, शाळा बांधली की कोंबड्यांचं खुराडं म्हणून. पहिल्या उन्हाळ्यात तेच लोक सुटीच्या दिवशी दुपारचे त्या व्हरांड्यात येऊन लवंडायला लागले, तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुढच्या मार्चमध्ये गेलो तर जाळी दिसेचना. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर तालुक्याचे भाऊ. वाढदिवस होऊन महिना उलटला होता. वर्गात शिरलो तर नुसती भट्टी. घामाचा आणि खिचडीचा आंबूस वास कोंडलेला. पहिलीतल्या एका पोरीला आदल्या दिवशी चक्कर आली होती, असं बाईंनी हळू आवाजात सांगितलं. बॅनरला हात लावायची त्यांची प्राज्ञा नव्हती. उद्या बदली कुठल्या टोकाला होईल, कोण सांगणार?

मी शाळा समितीच्या अध्यक्षांना गाठलं. काढत नसाल तर निदान चिरा पाडा म्हटलं, चौकातल्या मोठ्या बॅनरला पाडतात तशा. थोडा वारा तरी आत जाईल. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी भाऊंच्याच गालावर ब्लेड फिरवायला निघालो होतो. मग चहा मागवून त्यांनी दोन नव्या खोल्यांचं काम मला देऊ केलं. अट एकच: या वेळी जाळी नको, रस्त्याकडची भिंत सपाट आणि उंच हवी. जाळीवर फ्लेक्स नीट ताणला जात नाही, भाऊंच्या नाकावर सुरकुती पडते.

मी पुन्हा त्या पोरीच्या चकरेचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पोट्टे काय साहेब, चवथी झाली का चालले जाते,” ते म्हणाले. “भाऊ तं इथंच राह्यते ना.”

चहा तसाच ठेवून मी उठलो. काम दुसऱ्या कोणीतरी घेतलं. भिंत सांगितली तशी सपाट झाली, आणि आता पहिलीचा वर्ग तिच्याआड बसतो.