गणोजीच्या नावापुढची ओळ

माझा पुतण्या इंदूरच्या एका गिरणीत असिस्टंट मॅनेजर आहे. देवासला आला की सोबत विलायती मासिकं आणतो. माणसांवर अधिकार कसा चालवावा, त्यांनी मिळून काम करावं म्हणून काय करावं, पुढारी कसा असावा, यावर साहेबलोकांनी तक्ते काढून लांबलचक लेख लिहिलेले असतात. तो ते मला वाचून दाखवतो आणि मी ऐकता ऐकता चिडतो. त्याला वाटतं, काका म्हातारे झाले. खरी गोष्ट अशी की असल्याच एका लेखापायी मी एका माणसाचा अपमान केला आहे, आणि तोही लेखी.

तो माणूस म्हणजे गणोजी. फरासखान्यात फरास होता. फरासखाना म्हणजे दरबारचे तंबू, कनाती, सतरंज्या सांभाळणारं खातं. मी तिथला दरोगा, म्हणजे मुख्य कारभारी, थोरल्या पातीचा. देवासला एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यामुळे फरासखानेही दोन. धाकट्या पातीचे दरोगा मोरोपंत. त्यांच्या नि माझ्या घरामध्ये एक गल्ली होती. गल्लीत भेटलो की आम्ही एकमेकांच्या डबीतली तपकीर ओढत असू. कचेरीच्या वेळेत ओळख दाखवत नसू.

दोन्ही पात्यांचा मिळून एक मोठा शामियाना होता. पूर्वी कधीतरी त्याची वाटणी झाली तेव्हा एक खांब आम्हाला आला, एक त्यांना. कापडही मधोमध फाडून वाटलेलं; उभारताना दोन्ही अर्धे नाड्यांनी जोडायचे. दोन्ही खांबांच्या माथ्यावरून जाणारं आढं मात्र एकच होतं. ते कोणाचं याचा निकाल लागला नव्हता, म्हणून ते वर्षभर देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी ऊन खात पडलेलं असे.

उभारणीच्या वेळी खांब जमिनीवर आडवे ठेवायचे, त्यांना आढं जोडायचं, आढ्यावर कापड चढवायचं. मग एकेका खांबाच्या दोरांना बारा बारा माणसं. दोन्ही खांब एका दमात उठले तर शामियाना उभा. एक आधी उठला तर आढं पिळवटायचं, आणि मोडलं तर खाली कोण सापडेल याचा नेम नाही.

आता अडचण बघा. आमच्या बारांनी मोरोपंतांचा हुकूम ऐकला तर थोरल्या पातीची शोभा जायची. त्यांच्या बारांनी माझा ऐकला तर धाकटीची. तरी शामियाना दर दसऱ्याला उभा राहत होता, कारण मध्ये गणोजी असे.

गणोजीचं नाव दोन्ही हजेरीपटांवर होतं. कसं, ते कोणालाच सांगता येत नसे. आम्ही समजायचो तो त्यांचा, ते समजायचे आमचा. उंच, वाळका, साठीला आलेला माणूस. घरी मराठी, बाहेर माळवी, आणि रागावला की दोन्ही एकदम. तो दोन खांबांच्या बरोबर मध्ये उभा राही आणि एकेकाची चौकशी करी. "बापू, बायकोनं जेवायला घातलं नाही का आज? मूठ ढिली पडली तुझी." "यशवंता, जोडा काढ, पाय सरकेल." मग सगळ्यांना माळवीत विचारी, "चालां, भिया?" म्हणजे चलायचं का, भाऊ. चोवीस जण म्हणत, "चालो!" एक जण जरी गप्प राहिला तरी गणोजी खुशाल तंबाखू मळत थांबे. सगळ्यांचं "चालो" आलं की मान मागे टाकून अशी काही "होऽऽ" करी की टेकडीवर देवीच्या दर्शनाला चढणारी माणसं वळून बघत. दोन्ही खांब एकदम उठत.

हे मी दर वर्षी बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.

सन १९१३ च्या पावसाळ्यात मी वर्तमानपत्रात वाचलं की, अमेरिकेतल्या कोणा साहेबाने मजुरांपाशी घड्याळ घेऊन उभं राहून, कोणाची कोणती हालचाल फुकट जाते ते टिपून, कारखान्यांचं काम दुपटीने वाढवलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि नुकतंच खिशातलं घड्याळ घेतलं होतं. एवढी दोन कारणं मला पुरली.

दसऱ्याआधीच्या तालमीला मी पंचवीस रकान्यांचा कागद आखून नेला. दर मिनिटाला प्रत्येकाने काय केलं ते टिपलं. चोवीस रकान्यांत "ओढले, ओढले, घाम पुसला, ओढले" असं भरत गेलं. गणोजीच्या रकान्यात आलं: "उभा. उभा. तंबाखू मळली. बापूची थट्टा केली. उभा. ओरडला. उभा."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! साहेबाच्या पद्धतीने पहिल्याच दिवशी चोर सापडला होता. मी गल्ली ओलांडून मोरोपंतांकडे गेलो आणि कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "भास्करराव, मला पहिल्यापासून शंका होतीच." माझ्या उभ्या नोकरीत दोन्ही फरासखान्यांचं कोणत्याही गोष्टीवर जागच्या जागी एकमत झालं असेल तर ते हेच. आम्ही दोन्ही हजेरीपटांवर गणोजीच्या नावापुढे ओळ लिहिली, "उभा राहतो, काम करीत नाही. नाव कमी करावे." आधी सही कोणाची, हा वाद नको म्हणून दोघांनी एकेक प्रत घेऊन एकाच वेळी सही केली, मग प्रती बदलून पुन्हा केली.

गणोजीला बोलावून ओळ वाचून दाखवली.

"काढा साहेब," तो म्हणाला. "लोहारद्याला मुलगी आहे, तिच्याकडे जाईन. पण ती ओळ तेवढी लिहू नका. जावई शिकलेला आहे. चाळीस बरस दोरांपाशी काढली मी. काम केलं नाही म्हणता, तर मग केलं काय ते तरी सांगा."

मी म्हणालो, "गणोजी, कागदावरचं कागदावर. मनाला लावून घेऊ नका." हे वाक्य मी किती समजूतदारपणे बोललो होतो ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

घरी जेवताना सगळी हकिकत मी ऐटीत सांगितली. जानकीबाईंनी, म्हणजे आमच्या कुटुंबाने, आमटी वाढता वाढता विचारलं, "आणि सव्विसावा रकाना?"

"कोणाचा?"

"तुमचा. तुम्ही काय करत होता तिथे?"

"मी देखरेख करत होतो."

"म्हणजे उभेच होता की!"

मी भात अर्धा टाकून उठलो. ताटात अन्न टाकण्यावरून त्यांनी सुनावलं ते वेगळंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी उभारणी. हुकूम कोणी द्यायचा यावर मोरोपंतांनी नि मी दोन दिवस खल केला होता. ठरलं ते असं: दोघांकडे एकेक शिट्टी, आणि बरोबर अकराला दोघांनी एकदम वाजवायची. म्हणजे कोणी पहिला नाही नि कोणी दुसरा नाही. मला ही युक्ती फार नामी वाटली. फक्त माझं घड्याळ आमच्या दरबारच्या घड्याळावर लावलेलं होतं, मोरोपंतांचं त्यांच्या, हे आमच्या दोघांच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या घड्याळात अकराला चार मिनिटं कमी असताना पलीकडून शिट्टी वाजली. मोरोपंतांच्या बारांनी खांब उचलला. आमचे बारा माझ्याकडे बघत राहिले. मी घड्याळाकडे बघत राहिलो, कारण ठरलं तसंच वागायचं अशी माझी शिस्त! त्यांचा खांब निम्मा वर गेला, आढं कुरकुरायला लागलं. मी ओरडलो, "ओढा!" मोरोपंत ओरडले, "सोडा!" आमच्यातल्या काहींनी माझं ऐकलं, काहींनी मोरोपंतांचं, आणि एकाने कंटाळून, "साब, या सीटी तो चौकीदार की हे," असं म्हणून दोर पायाखाली दाबून ठेवला. आढं एवढं पिळवटलं की नाड्या तटातट तुटल्या. बापू त्याच्या बरोबर खाली होता आणि त्याला निघता येत नव्हतं, कारण दोर सोडला तर खांब त्याच्याच अंगावर येणार.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. चोवीसच्या चोवीस माणसं माझ्याकडे बघत नव्हती. मोरोपंतांकडेही बघत नव्हती. सगळ्यांच्या माना मैदानाच्या कडेच्या चिंचेच्या झाडाकडे वळल्या होत्या. तिथे गणोजी गाठोडं घेऊन लोहारद्याच्या गाडीची वाट बघत बसला होता. तो उठून उभा राहिला होता, पण एक शब्द बोलत नव्हता.

"गणोजी!" मी ओरडलो.

"साहेब, मी पटावर नाही," तो म्हणाला. चेष्टेने नव्हे हो. खरंच त्याला वाटत होतं की नाव कमी झालेल्या माणसाने ओरडणं गुन्हा आहे.

"या! या म्हणतो ना!"

त्याने मोरोपंतांकडे पाहिलं. मोरोपंत म्हणाले, "अहो, आता माझीही परवानगी घ्या, पण या!"

गणोजी मध्ये येऊन उभा राहिला. "थमो," तो हळू म्हणाला. सगळे थांबले. मग त्याने वीतवीत करत त्यांचा खांब खाली घेतला आणि बापूला बाहेर काढला. पुढे मला वाटलं, लगेच "होऽऽ" करील. तर नाही. सगळ्यांना पाणी पाजलं. नाड्या बांधून घेतल्या. चौकीदाराची शिट्टी म्हणणाऱ्याला विचारलं, "भिया, पाय दुखला का?" अर्धा तास गेला. माझ्या घड्याळाप्रमाणे तो सबंध अर्धा तास फुकट होता.

"चालां, भिया?"

तेवीस "चालो" आले. बापू गप्प. गणोजी तंबाखू मळत थांबला. मी बापूवर ओरडणार होतो, तोच गणोजीने हाताने मला थोपवलं. एका दरोग्याला एका फरासाने, ज्याचं नाव पटावर नाही! आणि मी थांबलो.

बऱ्याच वेळाने बापू म्हणाला, "चालो."

"होऽऽ!"

शामियाना उभा राहिला. मोरोपंतांनी मला मिठी मारली, कचेरीच्या वेळेत.

संध्याकाळी चिंचेखाली मी गणोजीला विचारलं, "बापूचा एवढा विचार कशाला? हुकूम द्यायचा नि मोकळं व्हायचं."

"हुकूम मी कुठं देतो, साहेब?" तो म्हणाला. "हुकूम ते देतात. आखिरी माणूस 'चालो' म्हणत नाही तोवर हुकूम झालाच नाही. मी नुसता ओरडतो."

पुतण्याच्या मासिकांत हेच आता तक्ते काढून सांगायला लागले आहेत. चांगलं आहे. आम्हाला चिंचेखाली समजलं होतं.

गणोजीचं नाव दुसऱ्याच दिवशी दोन्ही पटांवर पुन्हा चढवलं. गाठोडं घरी परत गेलं. पण वरची ओळ तशीच राहिली. तिच्यावर दोघांच्या सह्या, म्हणून खोडायलाही दोघांच्या हव्या. आणि यावेळी एकदम सही करायची युक्ती आम्हा दोघांनाही सुचली नाही, किंवा सुचूनही आम्ही बोललो नाही. कारण जो आधी खोडील, चूक त्याची होती असं ठरणार. मोरोपंत म्हणायचे, "कागद तुमचा, सुरुवात तुम्ही करा." मी म्हणायचो, "शंका तुम्हाला पहिल्यापासून होती." हे दहा वर्षं चाललं. दर दसऱ्याला, खांब उठले की गणोजी कपाळ पुसत माझ्याकडे येई. "साहेब, ती ओळ?" मी म्हणे, "चालू आहे, गणोजी." तो मान हलवून जाई. दहा वेळा मी त्याला हेच उत्तर दिलं. मला लाज कशी वाटली नाही, हे मला कोणी सांगावं.

चोवीस सालच्या उन्हाळ्यात गणोजी गेला. दोन्ही पात्यांचे फरास आले होते. तिरडी बांधून झाली. बापू, यशवंता आणि दोघे खांदा द्यायला वाकले, बांबूला हात लावले, आणि तसेच थांबले. मागचे सगळेही थांबले. कोणी काही म्हणेना, कोणी उचलेना. लोहारद्याचा जावई गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागला. मला समजलं ते कशाची वाट बघत होते. माझा आवाज मुळात चिरका. तरी मी मध्ये जाऊन विचारलं, "चालां, भिया?"

सगळ्यांनी म्हटलं. शेवटी बापूने म्हटलं. मग उचलली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो, आमचा पट काढला, ती ओळ खोडली आणि एकट्याने सही केली. मग तो पट काखेत मारून भर कचेरीच्या वेळेत गल्ली ओलांडली. मोरोपंतांना म्हणालो, "चूक माझी होती. घ्या, आता तुम्ही खोडा."

मोरोपंतांनी त्यांचा पट माझ्यापुढे उघडला. त्यांनी ओळ आदल्या संध्याकाळीच, स्मशानातून येऊन अंघोळ झाल्याबरोबर खोडली होती. खाली त्यांची एकट्याची सही होती, आणि शाई ओली असतानाच वही मिटल्यामुळे ती समोरच्या पानावरही उमटली होती.