दारानेच आत

याकूबभाईंची आणि माझी ओळख ते मला रागावल्यामुळे झाली. समोर एका प्राचीन चर्चच्या भिंती होत्या. भिंती म्हणजे काय, दगडांच्या वीतभर उंचीच्या रांगा. ऊन वाढू लागले होते, पलीकडे कापडी छताखाली सावली दिसत होती आणि माझे वय चौऱ्याहत्तर. "राम राम" म्हणत मी पायजमा जरासा वर धरला आणि ती रांग ओलांडली. तोच मागून खणखणीत मराठीत आवाज आला, "अहो गुरुजी! लोकांच्या घरात भिंतीवरनं?"

मी जागीच थबकलो. अबुधाबीपासून अडीच तास मोटारीने, त्यापुढे बोटीने, अशा त्या बेटावर मराठी ऐकण्याची माझी अपेक्षा नव्हती, आणि मराठीत रागावून घेण्याची तर मुळीच नव्हती. वळून पाहिले. साठीचा, शिडशिडीत, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभा होता. डोक्यावर हॉटेलने दिलेली टोपी, गळ्यात ओळखपत्र. "माघारी या," ते म्हणाले. "दार त्या बाजूला हाय, दर्याकडं. भिंत पडली म्हणून दार मेलं काय?"

मी निमूटपणे माघारी आलो. लाज वाटली ती त्यांच्या शब्दांची नव्हे. दाराखेरीज अन्य मार्गाने कोणाच्या घरात वा गावात प्रवेश करू नये, हा धर्मशास्त्रातील नियम मी पाठशाळेत अडतीस वर्षे शिकवला होता. तो नियम तिथे मला एका गाइडाने शिकवला.

माझा मुलगा अनिरुद्ध अबुधाबीत अभियंता आहे. अल रीम बेटावर सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. हिवाळ्याचे चार महिने मी त्याच्याकडे असतो. त्या वर्षी आम्ही सुट्टीसाठी या बेटावरील हॉटेलात गेलो होतो आणि तेथील "चाळीस मिनिटांची पायी सफर" सूनबाईंनी, म्हणजे मृणालने, माझ्यासाठी ठरवली होती. "बाबा, पूल आणि स्पा तुमच्या कामाचे नाहीत. हे जुनं काहीतरी आहे, तुम्हाला आवडेल," ती म्हणाली. जुने म्हणजे सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे. ख्रिस्ती साधूंचा मठ, त्यांच्या लहान लहान कोठड्या, आणि मधोमध पूर्वाभिमुख चर्च.

वळसा घालून आम्ही समुद्राच्या बाजूला गेलो. तिथे दोन दगडी खुंट आणि त्यांच्यामध्ये एक उंबरठा होता. याकूबभाईंनी टोपी काढली, उंबरठ्याशी उभे राहिले आणि मोकळ्या आकाशाकडे पाहून म्हणाले, "येऊ का?" क्षणभर थांबले आणि मग आत पाऊल ठेवले. सोबतच्या दोन जर्मन बायकांनी आणि एका इंग्रज जोडप्यानेही उंबरठ्याशी थांबून "येऊ का" असे काहीतरी पुटपुटले आणि त्यांच्या मागोमाग गेले. गोरे पाहुणे त्यांना मिस्टर जेकब म्हणत.

"उत्तर कोण देणार, याकूबभाई?" मी विचारले.

"उत्तर देणं त्यांचं काम," ते म्हणाले. "इचारणं आपलं. यल्ला, चला."

त्यांची सफर ऐकण्यासारखी असे. "वीस मिनिटं इतिहास, दहा मिनिटं ऊन, दहा मिनिटं फोटो, खलास," अशी तिची विभागणी ते आरंभीच सांगत. इतिहासात मात्र राजे नसत. "इथं चूल. इथं पाण्याचं टाकं. मासळी खायचे, काटे सापडले. या खोलीतला साधू उंच असनार, त्याचा ओटा लांब हाय बगा." कोणी मोठ्याने बोलू लागला की ते बोट ओठांवर ठेवून म्हणत, "हळू. इथं मानसं ऱ्हात होती." एकदा एका पाहुण्याने विचारले, की अरबांच्या देशात हे चर्च कसे काय? याकूबभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेजार होता, हबीबी. तुमच्याकडं शेजार नसतो?"

मी त्या हिवाळ्यात तीनदा गेलो. अनिरुद्ध तिसऱ्या वेळी हात जोडून म्हणाला, "बाबा, एवढ्या वेळात दुबईला अल मनखूलच्या मावशीकडे जेवून परत येता येतं. आणि गावी कोणी विचारलं तर काय सांगू, की बाबा दर महिन्याला चर्चमध्ये जातात म्हणून?"

"सांग," मी म्हणालो, "दारानेच जातात."

याकूबभाई रायगडचे, खाडीकाठच्या एका खेड्यातले. तिशीत असताना या देशात आले ते उत्खननावर घमेली वाहायला. दुपारच्या विश्रांतीत आम्ही त्यांच्या गाडीच्या सावलीत बसत असू. त्यांचा भात आणि सुका जवळा एका डब्यात. माझ्यासाठी खजुरांची एक डबी वेगळी ठेवलेली असे. "हिच्यात मासळीचा चमचा कधी गेला नाय, कसम हाय," असे ते प्रत्येक वेळी सांगत. त्यांची नमाजची वेळ झाली की मी जरा दूर जाऊन जप करीत असे, आणि परतल्यावर आमचे बोलणे सोडले होते त्याच शब्दापासून सुरू होई.

उंबरठ्याची गोष्ट त्यांनी अशाच एका दुपारी सांगितली. उत्खननातील मुख्य मॅडमने त्यांच्या हाती कुंचला देऊन खणलेल्या एका चौकोनी खड्ड्यात बसवले होते. तीन दिवस माती झाडल्यावर एक दगड लागला, मधोमध झिजलेला. मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, याकूब, हे दार आहे. इतक्या पायांनी हा दगड झिजलाय. "मी बगितलं गुरुजी, मी दाराच्या आतल्या अंगाला उकिडवा बसलेला. शिरलो होतो कुठून? वरनं, शिडी लावून! चोरासारखा. उठलो, शिडीनं वर गेलो, वळसा मारला, दारात आलो आनि म्हटलं, येऊ का? सगळे हसले. मॅडम नाय हसली."

त्या दिवसापासून तीस वर्षे ते त्या जागेत दाराखेरीज शिरले नव्हते. झाडू मारायलाही नाही.

माघ महिन्यातील माझ्या तिसऱ्या भेटीत मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. व्यवस्थापनाने नवी लाकडी पायवाट बांधायचे ठरवले होते. ती गाड्यांच्या थांब्यापासून सरळ निघून उत्तरेच्या भिंतीवरून चर्चच्या मध्यात उतरणार होती. दाराकडचा वळसा वाचणार, आणि वाचलेल्या वेळात दिवसाला आणखी एक सफर बसणार. याकूबभाईंची नोकरी जूनमध्ये संपत होती. वयाची मर्यादा झाली होती. "मी जातो, त्याचं काय नाय," ते म्हणाले. "पन मी गेलो आनि लोक भिंतीवरनं शिरायला लागले, तर ते दार पुन्ना मातीत गेलं म्हना. तुमी शिकलेले. माझी इंग्रजी बोलायची हाय, लिवायची नाय. एक अर्ज लिवा."

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी अर्ज लिहायला घेतला. माझी इंग्रजी जुन्या शाळेतली. मी भवनाचे मुख, अतिथीचा धर्म, मर्यादा असे विषय मांडले आणि अखेरीस अत्यंत विनम्रतेने याचना केली. मृणालने वाचून डोक्याला हात लावला. "बाबा, 'मोस्ट हंबली बिसीच' असं आता कोणी ऑफिसात लिहीत नाही. आणि साहेबांना मुख कळणार नाही, मिनिटं कळतात. वळशाला किती मिनिटं जास्त लागतात, ते लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, याकूबभाई आणि माझे मनगटी घड्याळ, असे तिघे कामाला लागलो. आधी थांब्यापासून सरळ भिंतीपर्यंतचा वेळ घेतला. मग दाराकडून. याकूबभाई निघाले ते जवळजवळ धावतच. गुडघे दुखणारा माणूस वाळूतून असा पळताना मी पाहिला नव्हता. उंबरठ्याशी धापा टाकीत उभे राहिले, "येऊ का" म्हणायला विसरले नाहीत, आणि विचारले, "किती जास्त?"

"सात मिनिटे. परंतु आपण धावलात."

"लिवा सात."

"पाहुणे चालत येतील, याकूबभाई. चला, पुन्हा मोजू. या वेळी माझ्यासोबत, माझ्या चालीने."

माझ्या चालीने नऊ मिनिटे लागली. त्यांनी दोन्ही हात जोडले. "गुरुजी, सात लिवा हो. दोन मिनिटांनी तुमचा देव काय रागावनार हाय?"

"तो रागावणार नाही. पण दाराने जाण्यासाठी आडवाटेने अर्ज करायचा, हे आपल्याला पटते का?"

 टोपी डोक्यावर ठेवीत ते म्हणाले, "तुमचं खरं बोलनं माझं दार घालवनार बगा." ते हसून म्हणाले, तरी त्यात थोडा राग होता, आणि तो मला दिसला.

अर्जात नऊ मिनिटे गेली. उत्तर आले नाही. फाल्गुनात मी भारतात परतलो. जूनमध्ये याकूबभाई नोकरी संपवून गावी आले. फोनवर मी विचारले, की दाराचे काय झाले? ते म्हणाले, "दार जागेवर हाय, मी नाय. तुमी जाल तेव्हा बगा, इन्शाल्ला." आणि आंब्याच्या कलमांविषयी बोलू लागले. मी अधिक विचारले नाही. दोन मिनिटांसाठी आपण एका माणसाची आयुष्यभराची निष्ठा वाया घालवली की काय, ही रुखरुख मात्र पावसाळाभर राहिली. जपात मन लागेना असे क्वचितच होते, तेव्हा झाले.

पुढच्या हिवाळ्यात मी प्रथम ते बेट गाठले. अनिरुद्धने या वेळी थट्टा केली नाही. गाडी थांबली आणि समोर दिसली ती नवी कोरी लाकडी पायवाट, सरळ उत्तरेच्या भिंतीवरून आत उतरलेली. 

नवी गाइड फिलिपिन्सची एक तरुण मुलगी होती, ग्रेस नावाची. तिने सर्वांना गोळा केले आणि त्या पायवाटेला पाठ करून ती समुद्राच्या दिशेने चालू लागली. एका पाहुण्याने विचारले, "वाट तर ही आहे ना?" ती इंग्रजीत म्हणाली, "ही परतीची वाट आहे, सर. आत आपण दाराने जातो. मिस्टर जेकब यांनी साहेबांना घड्याळ लावून दाखवलं होतं. येताना दाराकडून नऊ मिनिटं जास्त लागतात, जाताना या वाटेने नऊ मिनिटं वाचतात. तेवढ्यात दिवसाला आणखी एक सफर बसते आणि सगळे खूश."

मी मनातल्या मनात त्या नऊ आकड्याला नमस्कार केला.

उंबरठ्यापाशी ग्रेस थांबली. टोपी काढली. आणि आकाशाकडे पाहून, प्रत्येक अक्षर जपून उच्चारीत, म्हणाली, "येऊ का?"

मग आमच्याकडे वळून तिने समजावले, की हे या मठातील साधूंचे प्राचीन अभिवादन आहे. बहुधा त्यांच्या सिरियाक भाषेतले. मिस्टर जेकब यांना ते उत्खननाच्या काळापासून पाठ होते आणि त्यांनी ते तिच्याकडून महिनाभर घोकून घेतले. "उच्चार अवघड आहे," ती म्हणाली. "सर्वांनी एकदा म्हणून पाहा."

सर्वांनी म्हणून पाहिले. आठ देशांचे पाहुणे रायगडच्या मराठीत त्या साधूंची परवानगी मागू लागले. जन्मभर मी विद्यार्थ्यांच्या चुका जागच्या जागी सुधारल्या; एकही चूक मी सोडून दिल्याचे मला आठवत नाही. ग्रेसने माझ्याकडे पाहून विचारले, "सर, तुम्ही नाही म्हणणार?"

सगळे थांबले होते. त्या जमावात "येऊ का?" या प्रश्नाचा अर्थ समजणारा मी एकटाच होतो. प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर राहिले होते. माझ्या तोंडून आपोआप निघाले, "या."

"हे काय होतं?" ग्रेसने वही काढीत विचारले.

"त्या अभिवादनाचं उत्तर," मी म्हणालो. तिने ते लिहून घेतले.

संध्याकाळी मी याकूबभाईंना फोन लावला. सगळे सविस्तर सांगितले. सिरियाक ऐकून ते इतके हसले, की त्यांच्या घरातील कोणीतरी पाणी घेऊन आल्याचे मला इकडे ऐकू आले. "मी तिला काय बी सांगितलं नाय, कसम," ते म्हणाले. "तिनं इचारलं, जुनं हाय काय? मी म्हटलं, लय जुनं."

मग मी "या" म्हटल्याचे सांगितले. पलीकडचे हसणे थांबले.

"तुमी कशाला 'या' म्हनालात? घर तुमचं हाय काय?"

 मी काही म्हणण्याआधी त्यांनी अंगणातील कोंबड्यांना हुसकावल्याचे ऐकू आले.

"बरं केलंत," याकूबभाई म्हणाले. "तीस वर्सं इचारत होतो मी."